शहराने दिले, राज्याने काढून घेतले

21 फेब्रुवारी 2023 रोजी अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या कौन्सिलने 6 विरुद्ध 1 मतांनी एक कायदा मंजूर केला. नोकरीत, घर भाड्याने देताना, सार्वजनिक ठिकाणी जातीवरून भेदभाव करणे त्या शहरात बेकायदा ठरले. अमेरिकेत असे करणारे ते पहिले शहर. प्रस्ताव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. त्यांच्यामागे ताकदीने उभी राहिली ती तिथली आंबेडकरी मंडळी. त्या आठवड्यात आपल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या सभागृहाचे फोटो फिरले. आम्हीही फिरवले. आनंद रास्तच होता.

पण पुढच्या रविवारी आमच्या अभ्यासवर्गात एका मुलीने जो प्रश्न विचारला, त्याने आम्हाला बरेच महिने कामाला लावले. ती लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "पण शहराला असा कायदा करता येतो कसा? आपल्या महापालिकेला तर साधे रिक्षाचे भाडेही ठरवता येत नाही."

त्याचे थोडक्यात उत्तर असे. वॉशिंग्टन राज्याची घटना शहरांना स्वतःचे नियम करू देते, फक्त ते राज्याच्या कायद्याच्या विरोधात जाता कामा नयेत. याच अधिकाराच्या बळावर सिएटलने 2014 मध्ये किमान मजुरी टप्प्याटप्प्याने ताशी 15 डॉलरवर नेण्याचा कायदा केला होता. म्हणजे मजुरीचा कायदा आणि जातीचा कायदा एकाच जमिनीवर उभे आहेत. शहराला कामगाराच्या बाजूने कायदा करण्याचा अधिकार आहे, ही ती जमीन. कोणी मजुरीच्या कायद्याखालून ती काढून घेतली, तर जातीचा कायदा हवेत राहणार नाही. म्हणून अमेरिकेतल्या शहरांच्या या कोर्टकचेऱ्या हा आपला विषय आहे. तो फक्त तिथल्या ट्रेड युनियनवाल्यांचा नाही.

सिएटलच्या शेजारी सीटॅक नावाचे छोटे शहर आहे. विमानतळाभोवती वसलेले. नोव्हेंबर 2013 मध्ये तिथल्या मतदारांनी 15 डॉलरचा प्रस्ताव अवघ्या 77 मतांनी मंजूर केला. कंपन्या लगेच कोर्टात गेल्या. विमानतळ बंदर प्राधिकरणाचा आहे, शहराचा नाही, तेव्हा शहराचा कायदा तिथल्या कामगारांना लागू नाही, असे त्यांचे म्हणणे. खालच्या कोर्टाने ते मान्यही केले. म्हणजे ज्या सामान उचलणाऱ्यांसाठी आणि सफाईवाल्यांसाठी हा सगळा खटाटोप, तेच बाहेर! शेवटी ऑगस्ट 2015 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी कायदा त्यांनाही लागू केला. आधी 77 मतांचा फरक, मग एका न्यायाधीशाचा. पण जिंकले.

आता दक्षिणेकडे चला. अलाबामा राज्यातले बर्मिंगहॅम.

हे नाव आपल्याला अपरिचित नाही. 1963 मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना जिथे तुरुंगात टाकले, शाळकरी पोरांवर जिथे कुत्रे सोडले आणि पाण्याचे फवारे मारले, ते हे शहर. 1979 मध्ये तिथे पहिला कृष्णवर्णीय महापौर निवडून आला. आज शहराच्या लोकसंख्येत सुमारे सत्तर टक्के कृष्णवर्णीय आहेत. अलाबामा राज्याला मात्र स्वतःचा किमान मजुरीचा कायदाच नाही. तिथे देशाचा दर चालतो. तो ताशी 7.25 डॉलर आहे आणि जुलै 2009 पासून एका सेंटनेही वाढलेला नाही.

2015 मध्ये बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने ठरवले की शहरात मजुरी टप्प्याटप्प्याने 10.10 डॉलर करायची. आठवड्याचे चाळीस तास धरले तर माणसामागे 114 डॉलरचा फरक. भांडी घासणाऱ्या, हॉटेलात चादरी बदलणाऱ्या, म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बाईच्या घरात 114 डॉलर म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

राज्याच्या विधिमंडळात फेब्रुवारी 2016 मध्ये विधेयक आले की कोणत्याही शहराला स्वतःची किमान मजुरी ठरवता येणार नाही. ते मांडणारे आमदार माउंटन ब्रुक या बर्मिंगहॅमला लागून असलेल्या श्रीमंत, गोऱ्या उपनगरातले. शहराच्या कौन्सिलने धोका ओळखला आणि टप्पे गुंडाळून 10.10 डॉलर ताबडतोब लागू केले. त्यानंतर दोनच दिवसांत, 25 फेब्रुवारीला, राज्यपालांनी विधेयकावर सही केली. विधेयक मांडल्यापासून सहीपर्यंत सोळा दिवस लागले. विधिमंडळाला एवढी घाई गरिबांसाठी कधी होते?

कामगार आणि नागरी हक्क संघटना फेडरल कोर्टात गेल्या. त्यांचा मुद्दा फक्त मजुरीचा नव्हता. गोऱ्यांचे बहुमत असलेले विधिमंडळ कृष्णवर्णीय बहुमताच्या शहराचा निर्णय रद्द करते, हा वर्णभेद आहे आणि चौदाव्या घटनादुरुस्तीचा भंग आहे, असे त्यांनी मांडले. विधेयक पुढे रेटणारे आमदार गोरे होते हे त्यांनी नोंदवले. बर्मिंगहॅममध्ये 10.10 पेक्षा कमी कमावणारे कृष्णवर्णीय कामगार 37 टक्के आणि गोरे 27 टक्के, हा हिशोबही दिला. इतिहासही मांडला. अलाबामाची 1901 ची राज्यघटना ज्या सभेने लिहिली, तिच्या अध्यक्षांनी पहिल्याच भाषणात गोऱ्यांचे वर्चस्व कायद्याने प्रस्थापित करणे हे ध्येय उघड सांगितले होते. शहरांचे हातपाय बांधून सगळी सत्ता राजधानीत ठेवणारी घटना ती हीच.

आणखी एक जुना खटला इथे सांगायलाच हवा, कारण तो आमच्या वर्गात सगळ्यांना फार आवडला. याच अलाबामात टस्कीगी नावाचे शहर आहे. तिथे कृष्णवर्णीय मतदार वाढू लागले, तेव्हा 1957 मध्ये विधिमंडळाने शहराची हद्दच बदलली. चौकोनी शहराची अठ्ठावीस बाजूंची वेडीवाकडी आकृती केली. सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे रात्रीत शहराबाहेर गेले. गोरा एकही बाहेर गेला नाही. 1960 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे रद्द केले. शहर हे राज्याचे लेकरू, राज्य त्याचे हवे ते करील, हा तिथला जुना कायदेशीर सिद्धांत. 1907 च्या एका निकालाने तर तिथल्या लोकांच्या मर्जीविरुद्ध अख्खे शहर दुसऱ्यात विलीन करण्याची मुभा राज्याला दिली होती. पण टस्कीगीच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की वर्णभेदासाठी तो अधिकार वापरता येणार नाही.

मग बर्मिंगहॅमचे काय झाले? जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. जुलै 2018 मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी तो जिवंत केला. वर्णभेदाचा आरोप सकृतदर्शनी पटण्याजोगा आहे, त्यावर सुनावणी झाली पाहिजे, असे म्हटले. राज्याने त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाकडे धाव घेतली. 13 डिसेंबर 2019 रोजी पूर्ण पीठाने 7 विरुद्ध 5 मतांनी निकाल फिरवला. कशावर? वर्णभेद झाला की नाही यावर त्यांनी अक्षर लिहिले नाही. ते म्हणाले, तुम्ही राज्याच्या ॲटर्नी जनरलवर दावा लावला; पण पगार कमी देतो तो मालक, ॲटर्नी जनरल नव्हे. त्याच्याविरुद्ध हुकूम काढून तुमचा पगार वाढणार नाही. आपले वकील याला लोकस म्हणतात. दाद मागण्याचा हक्क. दार चुकलात, घरी जा.

आपल्यातल्या ज्यांनी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्यांना हे ओळखीचे वाटेल. हे आमच्या हद्दीत येत नाही, तिकडे जा. तिकडे गेले की पुन्हा इकडे. अन्याय झाला नाही असे कोणी म्हणतच नाही. तो ऐकून घेण्याची जागा सापडू द्यायची नाही, एवढे पुरते. बर्मिंगहॅममध्ये आजही 7.25 चालू आहे.

मिसूरी राज्यातल्या सेंट लुईसमध्ये तर याहून लाजिरवाणे झाले. तिथे शहर कोर्टात जिंकले आणि मे 2017 मध्ये मजुरी 10 डॉलर झाली. लोकांच्या हातात तीन महिने वाढीव पगार पडला. राज्याने नवा कायदा केला आणि 28 ऑगस्टपासून दर पुन्हा 7.70 वर आला. दिलेली मजुरी कायद्याने कमी केली! 2018 मध्ये राज्यभरातल्या मतदारांनी सार्वमतात मजुरी 12 डॉलरपर्यंत नेण्याचा कौल दिला, तेव्हा कुठे त्याची भरपाई झाली.

टेक्सासची गोष्ट पाण्याची आहे. ऑस्टिनने 2010 मध्ये आणि डॅलसने 2015 मध्ये नियम केला की बांधकाम मजुराला दर चार तासांनी दहा मिनिटे विश्रांती मिळाली पाहिजे. टेक्सासच्या उन्हात पाणी पिण्यापुरती दहा मिनिटे. 2023 मध्ये राज्याने एक प्रचंड मोठा कायदा आणला. कामगार, शेती, व्यापार, मालमत्ता, विमा अशी राज्याची अख्खी कायदेपुस्तके त्यात घातली आणि या विषयांत शहरांनी राज्याच्या परवानगीशिवाय काही करायचे नाही असे ठरवले. विरोधकांनी त्याला 'डेथ स्टार' म्हटले. ह्यूस्टनने आव्हान दिले. सॅन अँटोनियो आणि एल पासो सोबत आले. ऑगस्ट 2023 मध्ये ऑस्टिनच्या न्यायाधीशांनी कायदा घटनाबाह्य ठरवला. जुलै 2025 मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल उलटवला, आणि इथेही मुद्दा दाद मागण्याच्या हक्काचाच होता. डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिन या शहरांत आपल्याकडून गेलेले किती आयटीवाले आहेत हे वाचकांना माहीत आहे. तिथे उद्या कोणी सिएटलसारखा जातीचा कायदा मांडला, तर पहिला प्रश्न जातीचा येणारच नाही. शहराला नोकरीच्या बाबतीत तोंड उघडता येते का, हा येईल.

आणि हे दोन विषय आम्ही ओढूनताणून जोडत नाही आहोत. नॉर्थ कॅरोलायनाने मार्च 2016 मध्ये जो कायदा केला तो जगभर गाजला तो ट्रान्स व्यक्तींनी कोणते स्वच्छतागृह वापरावे यावरून. पण त्याच कायद्यात शहरांचा स्वतःचा भेदभावविरोधी कायदा करण्याचा अधिकार काढला होता, आणि त्याच कायद्यात किमान मजुरी वाढवण्याचाही. एकाच दमात दोन्ही. ज्यांना मजूर स्वस्त हवा आणि ज्यांना माणूस खाली हवा, ते एकाच कागदावर सही करतात. बाबासाहेबांनी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू एकत्र का सांगितले, याचा अर्थ आम्हाला तिथल्या उदाहरणावरून नव्याने लागला.

इथपर्यंत आल्यावर आमच्यात भांडण झाले. आमचा एक सहकारी म्हणाला, "तुम्ही शहराची बाजू घेताय, पण बाबासाहेब तर मजबूत केंद्राचे होते. गावगाड्याला अधिकार द्यायला त्यांनी विरोध केला होता." त्याचे खरे आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्यांच्या गौरवाची जी चिरफाड केली ती आपण सगळ्यांनी वाचली आहे. नुसते भाषण नाही, त्यांनी ते घटनेतही उतरवले. कलम 17 ने अस्पृश्यता संपवली आणि कलम 35 ने तिच्याबद्दलची शिक्षा ठरवण्याचा अधिकार फक्त संसदेला दिला. राज्यांच्या विधिमंडळांना दिला नाही. जिल्हा बोर्ड, नगरपालिका यांच्यावर तर सोडायचा प्रश्नच नव्हता.

याला उत्तर आम्हाला महाडमध्ये सापडले. आपण चवदार तळे म्हणतो तेव्हा 20 मार्च 1927 आठवतो. त्याआधीचे आणि नंतरचे कागद फार कमी लोक पाहतात. 1923 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलने बोले यांचा ठराव मंजूर केला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने स्वतःचा ठराव करून तळे खुले केले. कागदावर सगळे ठीक. सत्याग्रह झाला आणि 4 ऑगस्ट 1927 रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग सवर्णांनी दिवाणी दावा लावला, मनाई हुकूम आणला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल आपल्या बाजूने यायला 17 मार्च 1937 उजाडला.

महाडमध्ये वरच्यांनी दिले आणि खालच्यांनी काढून घेतले. बर्मिंगहॅममध्ये खालच्यांनी दिले आणि वरच्यांनी काढून घेतले. मग लोकशाहीची कोणती पातळी आपली? कोणतीच जन्मतः आपली नाही. 1927 चे महाडचे सभागृह कोणाच्या हातात होते ते पाहा, आणि 2016 चे अलाबामाचे विधिमंडळ कोणाच्या हातात होते ते पाहा. बाबासाहेबांचा विरोध गावाच्या आकाराला नव्हता. तिथे सत्ता ज्यांच्या मुठीत होती, त्यांना होता.

शहरांचे सोवळे आम्हाला नको आहे. 1968 मध्ये मेम्फिसच्या तेराशे कृष्णवर्णीय सफाई कामगारांनी संप केला तो शहराविरुद्धच. दोन कामगार कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून मेले होते. 'मी माणूस आहे' असे फलक गळ्यात घालून ते रस्त्यावर चालले. महापौर हटायला तयार नव्हता. डॉ. किंग त्यांच्यासाठीच तिथे गेले आणि 4 एप्रिलला त्यांची हत्या झाली. तडजोड झाली ती वॉशिंग्टनहून राष्ट्राध्यक्षांनी कामगार खात्याचा माणूस पाठवल्यावर.

मग कसोटी काय लावायची? आम्हाला वाटते, ती आपल्या भाषेतच आहे: किमान आणि कमाल. 11 एप्रिल 1946 रोजी मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी केंद्रीय कायदेमंडळात जे विधेयक मांडले ते किमान वेतनाचे. याच्या खाली जाता येणार नाही, एवढे वरून सांगायचे. अमेरिकेचा 1964 चा नागरी हक्क कायदा असाच किमान आहे. वरच्या सरकारने घातलेली अशी अट आपल्याला हवीच, कारण ती नसेल तर महाडची नगरपालिका तळे पुन्हा बंद करते. अलाबामा आणि टेक्सासच्या कायद्यांनी मात्र खालच्यांना कमाल घातली. याच्या वर जाऊन माणसाला चांगले वागवायचे नाही! दोन्हींना 'एकसमान कायदा' असेच गोंडस नाव असते. म्हणून नाव ऐकून टाळ्या वाजवायच्या नाहीत.

व्यापाऱ्यांचा युक्तिवाद असतो की प्रत्येक शहराचा नियम वेगळा असला तर धंदा कसा करायचा. त्यात काही तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. दहा शहरांत दुकाने असलेल्याला दहा हिशोब ठेवावे लागतात. पण हाच व्यापारी दहा शहरांत दहा वेगवेगळी भाडी बिनतक्रार भरतो.

सिएटलचा जातीचा कायदा आजवर टिकला आहे. त्याच्याविरुद्ध फेडरल कोर्टात गेलेला एक दावा मार्च 2024 मध्ये फेटाळला गेला. गंमत अशी की दावा लावणारा त्या शहरात राहणाराच नव्हता, आणि त्याला लोकस नाही असे न्यायालयाने सांगितले. दाराचा नियम या खेपेला आपल्या कामी आला. सप्टेंबर 2023 मध्ये फ्रेस्नो शहरानेही असाच कायदा केला. पण कॅलिफोर्निया राज्याचे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊनही ऑक्टोबर 2023 मध्ये राज्यपालांनी नाकारले. दोन शहरे पुढे, राज्य मागे.

राहिला त्या मुलीचा प्रश्न: आपल्या महापालिकेचे काय? 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात शहरांना अठरा विषय दिले, त्यात कामगार नाही. तो समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्याकडे. आणि विषय असते तरी ते मांडणार कोण? मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, त्यानंतर कित्येक वर्षे तिथे प्रशासकच होता. पण महापालिका कायदा करू शकत नसली तरी ती मालक आहे, आणि ठेकेदारांची गिऱ्हाईकही. मुंबईच्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम करून घेण्यासाठी युनियनला सर्वोच्च न्यायालयापर्यंत, 2017 पर्यंत लढावे लागले. त्यात बहुसंख्य आपलीच माणसे होती. पालिकेचे म्हणणे काय होते? हे आमचे कामगारच नाहीत, ठेकेदाराचे आहेत. पुन्हा तेच, दार चुकलात.

अमेरिकेतल्या ताज्या लढायांची सुरुवातही टेंडरपासूनच झाली होती. डिसेंबर 1994 मध्ये बाल्टिमोरने ठरवले की शहराचे कंत्राट ज्याला हवे, त्याने कामगाराला ठरावीक मजुरी दिलीच पाहिजे. पहिला दर होता 6.10 डॉलर, देशाचा तेव्हा 4.25. हा सगळ्या शहराला लागू होणारा कायदा नव्हता. आमच्या पैशाने काम घेणार असाल तर ही अट, एवढेच.

आम्ही आमच्या शहराच्या पालिकेला अर्ज दिला. टेंडरमध्ये चार अटी घाला: पगार बँकेत आणि पगारपत्रकासह, पीएफची पावती दरमहा, आठवड्याची भरपगारी सुट्टी, आणि गटार-नाल्याचे काम जात बघून नेमले तर कंत्राट रद्द. उत्तर आले की हा विषय कामगार आयुक्तांच्या अखत्यारीत येतो. पुढच्या सोमवारी आम्ही तोच अर्ज पुन्हा देणार आहोत. बाल्टिमोरच्या नियमाचा मराठी सारांश आणि 1924 चा महाडचा ठराव सोबत जोडला आहे. ज्यांना आपल्या शहरात असा अर्ज द्यायचा आहे त्यांनी मसुदा मागून घ्यावा.